परकोट आणि फ्लॅट स्कीम

चंद्रपूर शहरातली सगळ्यात उंच गोष्ट कोणती? महाकालीच्या देवळाचं शिखर नाही, जटपुरा दरवाजा नाही, नागपूर रोडवरची एखादी नवी फ्लॅट स्कीमही नाही. ती आहे औष्णिक वीज केंद्राची चिमणी. २९२० मेगावॅटचं हे केंद्र शहराला अगदी खेटून आहे आणि त्याच्या चिमण्या कित्येक मैलांवरून दिसतात. ज्या गावाचा परकोट पंधरा-वीस फूट उंच, त्या गावाच्या आभाळात त्या उभ्या आहेत.

हे आधीच सांगायचं कारण असं की, जुन्या शहरांत उंच इमारती असाव्यात का, या वादात पहिला मुद्दा नेहमी आभाळाचा निघतो. 'शहराचं रूप बिघडतं', 'जुन्या वास्तूंचं दर्शन झाकलं जातं' वगैरे. पुण्यात, मुंबईत, पॅरिसमध्ये तो मुद्दा बरोबर असेल. चंद्रपुरात मात्र आभाळाचा फैसला कोळशाने आधीच केलेला आहे. म्हणून इथे तोच प्रश्न वेगळ्या ठिकाणाहून विचारावा लागतो. पाचशे वर्षांच्या परकोटाशेजारी सात मजल्यांची इमारत शोभते का, याचं उत्तर इथे मान वर करून मिळत नाही. त्यासाठी खाली, जमिनीकडे बघावं लागतं.

भिंत आधी, गाव नंतर

चंद्रपूरच्या स्थापनेची गोष्ट इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा बल्लारपूरला राहायचा. त्याच्या अंगावर बरे न होणारे फोड होते. शिकारीच्या वेळी तहान लागली म्हणून तो झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातलं पाणी प्यायला, तोंड-हातपाय धुतले, आणि फोड बरे झाले. त्या जागी अंचलेश्वराचं देऊळ झालं. पुढे त्याच भागात राजाला एक विचित्र दृश्य दिसलं : ससा कुत्र्याचा पाठलाग करत होता. राणीने सांगितलं, ही भूमी पराक्रमाची आहे, ससा ज्या वाटेने धावला त्या वाटेवर कोट बांधा.

दंतकथा म्हणून ती बाजूला ठेवली, तरी तिच्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बहुतेक गावांना भिंत नंतर मिळते. वस्ती वाढते, श्रीमंत होते, लुटारूंची भीती वाटू लागते आणि मग तटबंदी येते. चंद्रपूरच्या गोष्टीत आधी रेघ आखली जाते आणि मग गाव वसतं. प्रत्यक्ष बांधकाम एका राजाच्या आयुष्यात संपलं नाही, ते पिढ्यान्‌पिढ्या चाललं. पण रेघ मोठी आखली होती, आणि खूप मोठी.

किती मोठी? आज परकोटाचा घेर साधारण ११ किलोमीटर सांगतात. १९११ च्या ब्रिटानिका विश्वकोशात तो साडेपाच मैल, म्हणजे नऊ किलोमीटरच्या आसपास दिला आहे. कुठलाही आकडा घ्या. १९०१ मध्ये या शहराची लोकसंख्या १७,८०३ होती. एवढ्या माणसांना एवढी मोठी भिंत कशाला लागते? एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी नोंदी सांगतात की, परकोटाच्या आत तेव्हाही सुटी सुटी खेडी होती आणि पिकाखालची शेतं होती. म्हणजे शहराच्या पोटातच शेती होती. वेढा पडला तर आत धान्य, आत पाणी, आत जनावरांना चारा.

चार दिशांना चार दरवाजे : उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या : चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड. इथल्या भाषेत 'खिडकी' म्हणजे परकोटातलं छोटं दार, हे बाहेरच्या वाचकांसाठी सांगितलं पाहिजे. दरवाजांवर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे : हत्तीवर मात करणारा सिंह.

म्हणून चंद्रपूरचा वारसा म्हणजे फक्त दगडाची भिंत नाही. भिंत आणि तिच्या आतली मोकळी जागा, असा तो जोडीचा वारसा आहे. त्यातली मोकळी जागा संपत आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख २० हजारांवर गेली. कोळसा, रेल्वे, सिमेंट, वीज, कागद अशी एकेक लाट आली आणि गावाने आधी आतली शेतं भरून काढली, मग भिंतीबाहेर उडी मारली. तुकूम, नागपूर रोड, दाताळा रोडकडे ले-आऊट पडले. फ्लॅट स्कीम त्या लाटेचा शेवटचा टप्पा आहे, पहिला नव्हे.

राणीने काय केलं

'नवीन बांधकाम जुन्याला शोभत नाही' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी अंचलेश्वर दरवाजाजवळ जाऊन यावं. तिथे राजा बीरशहाची समाधी आहे. सतरावं शतक संपून अठरावं सुरू होत होतं, त्या काळात राणी हिराईने ती बांधून घेतली. पतीचा खून झाला होता, गादीचा वारस लहान होता, कारभार तिच्याकडे आला होता. महाकालीचं आजचं देऊळही तिच्याच नावाने ओळखलं जातं. चैत्रात मराठवाड्यातून जे हजारो भाविक येतात ते तिथेच.

समाधीला घुमट आहे, कमानी आहेत. ही घडण त्या काळी उत्तरेत आणि दख्खनमध्ये चालणारी. अंचलेश्वराच्या देवळाशेजारी, गोंड राजाच्या आठवणीसाठी, घुमटाची इमारत. त्या वेळच्या एखाद्या जुन्या माणसाला ती नक्कीच परकी वाटली असेल. आज चंद्रपूरचा फोटो म्हटला की हीच समाधी दाखवतात.

ती जुन्यात का मिसळली? तीन कारणं दिसतात. ती देवळापेक्षा मोठी होण्याच्या नादाला लागली नाही. तिच्याभोवती मोकळी जागा सोडली गेली. आणि ती या गावच्या दुःखातून आली, बाहेरून उचलून इथे ठेवलेली नाही. शैली नवी असण्याने बिघडलं नाही. त्यामुळे 'फ्लॅट स्कीमला परकोटासारखे बुरूज काढा, दगडी टाइल्स लावा, मग ती शोभेल' हा उपाय खोटा आहे. शोभणं रंगरूपावर ठरत नसतं. इमारत शेजाऱ्याला किती जागा देते, यावर ते ठरतं.

शंभर मीटरची टेप

आता कायद्याकडे येऊ. परकोट केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा, १९९२ ची अधिसूचना आणि २०१० ची दुरुस्ती यांनी मिळून एक साधं गणित ठरवलं आहे. स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच बांधकाम. बंदीच्या पट्ट्यातल्या जुन्या घरांची दुरुस्ती करता येते, पण तीही परवानगीने.

हे गणित कोणत्या स्मारकासाठी सुचलं असेल? एखादं देऊळ, एखादी समाधी, एखादी लेणी. म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. ठिपक्याभोवती १०० मीटरचं वर्तुळ काढलं तर साधारण तीन हेक्टर, म्हणजे आठेक एकर जागा अडते. ते समजण्यासारखं आहे.

पण चंद्रपूरचा परकोट ठिपका नाही, रेघ आहे. ११ किलोमीटरच्या रेघेला दोन्ही बाजूंनी १०० मीटर जोडा : सुमारे २.२ चौरस किलोमीटर, म्हणजे साडेपाचशे एकरांच्या आसपास. पुढचा २०० मीटरचा पट्टाही धरला तर ६.६ चौरस किलोमीटर. आतल्या बाजूचाच विचार करा. ११ किलोमीटर घेराचं शहर अगदी गोल असतं, तरी त्याच्या क्षेत्रफळाचा जवळपास तिसरा हिस्सा या ३०० मीटरच्या आत येतो. प्रत्यक्षात शहर गोल नाही, त्यामुळे हिस्सा वाढतोच.

या पट्ट्यात कोण राहतं? मातीच्या भिंती आणि कवेलूंची घरं असलेले जुने लोक. भावाभावांत वाटण्या होऊन एकेक खोली वाट्याला आलेली कुटुंबं. ज्यांच्या आजोबांनी बांधलेलं घर दरवर्षी पावसाळ्यात थोडं थोडं खचतं, ती माणसं. त्यांना टॉवर नको आहे. त्यांना वर एक मजला हवा आहे, मुलाच्या लग्नाआधी. त्यासाठी कागद पुढे सरकवत वाट बघावी लागते.

याचे दोन परिणाम होतात. पहिला, परवानगीच्या फेऱ्यांना कंटाळून लोक गुपचूप बांधतात, आणि गुपचूप बांधलेलं घर नेहमी वाईट बांधलेलं असतं. दुसरा परिणाम अधिक खोल आहे. ज्याच्या परसदारी परकोट आहे, त्याला परकोटच वैरी वाटू लागतो. 'ही भिंत नसती तर माझं घर झालं असतं' असं ज्याला वाटतं, तो भिंतीवर उगवलेलं पिंपळाचं रोप कशाला उपटेल?

पुण्यात शनिवारवाड्याभोवतीच्या जुन्या वाड्यांचा पुनर्विकास याच नियमापायी वर्षानुवर्षे अडला. चंद्रपूरचा प्रश्न त्याच जातीचा आहे, फक्त त्याची लांबी मैलांत मोजावी लागते.

आणि टॉवरचं काय? कायद्याने त्याला ३०० मीटरच्या पलीकडे ढकललं, आणि तिथे परकोटाचा विषयच संपला. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने बहुतेक शहरांसाठी एकच बांधकाम नियमावली आणली. यूडीसीपीआर या नावाने ती ओळखली जाते. तिने चटई क्षेत्राची गणितं सैल केली, उंच बांधणं सोपं केलं. म्हणजे रेघेच्या अलीकडे एक मजला अवघड आणि पलीकडे दहा मजले सोपे. गाव असं दोन तुकड्यांत पडतं, आणि त्या रेघेवर परकोटाचा इतिहास किंवा वळण काहीच उमटत नाही. ती टेपने मोजलेली रेघ आहे.

दुसऱ्या गावांनी काय केलं

जर्मनीतल्या कोलोनचं कॅथेड्रल १५७ मीटर उंच आहे. १९९६ मध्ये ते जागतिक वारसा यादीत आलं. मग ऱ्हाईन नदीच्या पलीकडच्या काठावर उंच इमारतींचा बेत झाला. नदीच्या पलीकडे, म्हणजे १०० मीटरच्या कितीतरी बाहेर. तरीही २००४ मध्ये युनेस्कोने कॅथेड्रलला 'धोक्यातल्या' यादीत टाकलं, कारण नदीवरून दिसणारं शहराचं रूप त्या इमारतींनी बदलणार होतं. शहराने उंची आवरती घेतली आणि २००६ मध्ये नाव यादीतून निघालं. पॅरिसमध्ये १९७३ साली मोंपार्नासचा दोनशे मीटरहून उंच टॉवर उभा राहिला. तो इतका खुपला की चार वर्षांत शहराने उंचीवर कडक मर्यादा घातली.

या दोन्ही शहरांनी अंतर मोजलं नाही, नजर मोजली. कुठे उभं राहिल्यावर काय दिसलं पाहिजे, ते ठरवलं आणि त्यावरून उंची ठरवली. आपल्याकडे मुंबईने १९९५ मध्ये वारसा नियमावली केली, देशातली ती पहिली. तिच्यातही इमारतींच्या श्रेणी केल्या, काही ठिकाणी एकेकट्या इमारतीऐवजी अख्खा परिसर जपायचा ठरवला. तिच्यातून पळवाटा काढणारे निघाले, पण विचार बरोबर होता : प्रत्येक जागेला तिचा नियम.

२०१० च्या दुरुस्तीतही प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र उपविधी करण्याची तरतूद आहे. म्हणजे चंद्रपूरच्या परकोटासाठी वेगळा नियम लिहायला कायदा आड येत नाही. बंदीचा पट्टा त्याने हटणार नाही, पण दुरुस्ती कशी करायची, पुढच्या २०० मीटरमध्ये किती उंची, कोणतं साहित्य, सांडपाणी कुठे, हे ठिकाणानुसार लिहून ठेवता येतं. म्हणजे घरमालकाला पहिल्याच दिवशी कळेल की त्याला काय मिळणार आणि काय नाही.

पाणी आणि पोकळी

आता जमिनीकडे. चंद्रपूरच्या पश्चिमेला इरई, पूर्वेला झरपट, आणि दक्षिणेकडे दोघींचा संगम. गोंडांनी शहर दोन नद्यांच्या बेचक्यात बसवलं आणि परकोटाची रेघ नदीच्या स्वभावाला धरून ओढली. वर्धा फुगली की इरईच्या पाण्याला पुढे वाट राहत नाही, ते मागे पसरतं. २०२२ च्या पावसाळ्यात बिनबा दरवाजाबाहेरच्या आणि रहमतनगरसारख्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं, पठाणपुरा दरवाजाबाहेरचा रस्ता पाण्याखाली गेला. पाणी कुठवर येतं याचा नकाशा हवा असेल तर परकोट बघा. बांधणाऱ्यांना ते माहीत होतं.

या भिंतीचा नवीन इमारतींसाठी हाच सर्वांत मोठा उपयोग आहे. परकोट आणि नदी यांच्या मधली सखल जागा स्वस्त मिळते, तिच्यावर भराव टाकून प्लॉट पाडता येतात. भराव टाकणारा स्वतः कोरडा राहतो, त्याचं पाणी शेजारच्या कवेलूंच्या घरात जातं. अशा ठिकाणी उभी राहिलेली इमारत तीन मजल्यांची असली काय आणि बारा मजल्यांची असली काय, ती या शहराला शोभत नाही.

दुसरी गोष्ट पोकळीची. या शहराच्या काठावर, महाकाली आणि लालपेठच्या बाजूला, जमिनीखाली कोळसा खणला गेला. लालपेठला एकाच दगडात कोरलेल्या अर्धवट, अवाढव्य मूर्ती उघड्यावर पडून आहेत, त्याही संरक्षित स्मारक आहेत. वर मूर्ती, खाली खाण असा हा भाग. जुन्या भूमिगत खाणीवर वस्ती असली की काय होतं ते शेजारच्या घुग्घुसने दाखवलं. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथलं एक घर बघता बघता जमिनीत गेलं. घरात राहणारी माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. फ्लॅट घेताना आपण सातबारा बघतो, नकाशा बघतो, लिफ्ट कोणत्या कंपनीची ते विचारतो. चंद्रपुरात आणखी एक प्रश्न विचारायला हवा : खाली काय आहे?

तिसरी गोष्ट उन्हाची. मे २०१९ मध्ये इथला पारा ४८ अंशांवर गेला होता. मातीची जाड भिंत आणि कवेलूंचं छप्पर असलेलं घर अशा उन्हात निदान रात्री निवतं. सिमेंटची भिंत रात्रभर तापलेली राहते. पश्चिमेकडे तोंड करून काचा लावलेली इमारत इथे बांधणं म्हणजे रहिवाशाला आयुष्यभराचं वीजबिल बांधून देणं.

मग टॉवर नकोत का?

हवेत. हे स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण वारशाबद्दल बोलणारे बरेचदा माणसांना घरं लागतात हे विसरतात. गडचिरोलीच्या आरमोरी तालुक्यात वैरागडचा किल्ला आहे. तिथे हा वाद नाही, कारण शहराची गर्दी तिथवर पोचलेली नाही. चंद्रपूर तसं नाही. अहेरी-सिरोंच्यापर्यंतची माणसं दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी, नोकरीसाठी इथे येतात. खाणीतून निवृत्त झालेला माणूस क्वार्टर सोडून दोन खोल्यांचं घर शोधतो. शहर आडवं पसरत राहिलं तर पुढे ताडोब्याकडचं जंगल आहे आणि जंगलात वाघ आहे. इथे वर चढणं हा जंगल वाचवण्याचाही एक मार्ग आहे.

पण कुठे, ते ठरवायला हवं. पूररेषेत नको, खणलेल्या जमिनीवर नको. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा या चार दरवाजांसमोर उभं राहिल्यावर कमानीतून आणि कमानीच्या मागे जे दिसतं, तेवढ्या नजरेच्या वाटेत उंची नको, अंतर ३०० मीटर असो की ५००. समाधी आणि रामाळा तलावाभोवतीही तसंच. त्याबाहेर, चांगल्या रस्त्यालगत, खुशाल बांधा. आणि परकोटाला लागून राहणाऱ्यांना घराच्या दुरुस्तीचं साधं, लिहून ठेवलेलं, वेळेत मिळणारं उत्तर द्या. टॉवरला परवानगी आणि कवेलूच्या घराला नकार, हा उलटा न्याय आधी संपला पाहिजे.

हे काम लोक करू शकतात, याचा पुरावा इथेच आहे. २०१७ मध्ये इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या तरुणांनी परकोटाची सफाई हाती घेतली. बुरुजांवर वाढलेली झाडं-झुडपं काढली, वर्षानुवर्षांचा कचरा उपसला, भिंतीवरची चालायची वाट मोकळी केली. त्याच वर्षी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचा उल्लेख केला. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, त्या वाटेवरून आता चालता येतं, आणि चाललं की दोन्ही बाजू एकदम दिसतात : आतली घरं, बाहेरचे ले-आऊट, वाळत घातलेले कपडे, नाल्याला मिळालेलं सांडपाणी, लांबवर चिमण्या.

शहराचा पुढचा विकास आराखडा करणाऱ्यांनी टेबलावर टेप पसरण्याआधी ही फेरी मारावी. दरवाजा ते खिडकी, खिडकी ते दरवाजा. प्रत्येक तुकड्यावर थांबून विचारावं : इथे पाणी येतं का, खाली पोकळ आहे का, समोरच्या घराला काय हवं आहे, इथून काय दिसलं पाहिजे. ११ किलोमीटर म्हणजे फार नाही. सकाळी लवकर निघालं तर ऊन तापायच्या आत होतं.